जामीन ‘देतो’ कोण आणि ‘राहतो’ कोण?

कोथरूडच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, भाच्याच्या कर्जाच्या कागदांवर त्यांच्या यजमानांची सही हवी आहे. अर्जावर ‘जामीनदार’ असे छापले आहे, बँकेतला कर्मचारी ‘हमीदार’ म्हणतो आणि भाचा ‘नुसते साक्षीदार’ म्हणतो. तर हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि ‘आम्ही भाच्याला जामीन दिला’ असे म्हणणे बरोबर ठरेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण लक्ष्मी रस्त्यापासून सिंहगड रस्त्यापर्यंत हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. ते साफ उलटे आहे. जामीन देतो तो कर्जदार. तुमचा भाचा बँकेला जामीन देणार आहे आणि तो जामीन म्हणजे तुमचे यजमान. यजमान जामीन ‘राहतात’. ‘न्यायालयाने जामीन दिला’ असे वर्तमानपत्रे रोज छापतात, तिथेही हाच घोटाळा आहे. जामीन आरोपीने द्यायचा असतो, न्यायालय तो मान्य करून आरोपीला जामिनावर सोडते. प्रयोग इतका रुळला आहे की आता तो पुसला जाणार नाही, हे मला कळते, पण म्हणून मी तो वापरणार नाही.

हा उलटफेर झाला, कारण जामीन म्हणजे एखादा कागद किंवा एखादी सवलत आहे, असे आपण मानू लागलो. मुळात जामीन म्हणजे माणूस. अरबीतील ‘ज़ामिन’ हे कर्तृवाचक रूप आहे, त्याचा अर्थ हमी घेणारा, आणि ज्या धातूपासून ते आले त्याचा गाभा ‘आत असणे, सामावणे’ असा आहे. त्याच धातूपासून ‘मजमून’ हा शब्द निघाला, म्हणजे लिखाणाच्या पोटात असलेला आशय. पाकिटाच्या पोटात जसा मजमून, तसे जामिनाच्या पोटात दुसऱ्याचे देणे. आपल्याकडे ‘पोटात घेणे’ हा प्रयोग आहेच. कुणाची चूक पोटात घ्यावी तसे जामीन परक्याचे कर्ज पोटात घेतो. या शब्दाची याहून नेमकी फोड मला आजवर कुणी करून दाखवलेली नाही.

जामीन हा शब्द ‘जमीन’ या शब्दावरून आला, पूर्वी जमीन लिहून देत म्हणून, असे एक निवृत्त गुरुजी व्याख्यानांतून सांगत असतात. त्यांच्या वयाचा मान राखून सांगतो की, ही निव्वळ बनवाबनवी आहे. जमीन फारशी आहे, जामीन अरबी. दोन्हींची आद्याक्षरे मूळ लिपीत वेगळी आहेत. फारशीत त्यांचा उच्चार सारखा झाला आणि आपण दोन्हींसाठी एकच ‘ज’ लिहिला, एवढेच त्यांचे नाते.

आता ‘जामीनदार’. दुकानदार म्हणजे दुकान बाळगणारा, ठेवीदार म्हणजे ठेव असलेला. त्या हिशेबाने ज्याच्यापाशी जामीन आहे तो जामीनदार, म्हणजे खरे तर बँकच! ‘साक्षी’ या संस्कृत शब्दाचा अर्थच साक्षीदार असताना आपण त्याला ‘दार’ लावतोच ना, असा प्रतिवाद एका कोशकार स्नेह्यांनी केला होता. तो बिनतोड आहे, पण साक्षीदाराला लावलेल्या शेपटाने कुणाचे घर जप्तीत गेलेले नाही. ‘दार’ लावल्यामुळे जामीन ही एखादी वस्तू आहे आणि आपण ती क्षणभर हातात धरून परत करणार आहोत, असा भास होतो. ‘हमीदार’ मात्र निर्दोष आहे, कारण हमी म्हणजे दिलेला शब्द आणि तो देणारा हमीदार. व्यवहारात दोन्ही शब्दांचा अर्थ एकच.

हे सगळे परके शब्द टाकून ‘प्रतिभू’ म्हणा, असे सांगणारे शुद्धिवादी पुण्यात पेठेगणिक भेटतात. शब्द सुंदर आहे, यात वाद नाही. पाणिनीच्या ‘भुवः संज्ञान्तरयोः’ या सूत्राच्या विवेचनात धनिक आणि अधमर्ण, म्हणजे धनको आणि ऋणको, यांच्या मध्ये जो उभा राहतो तो प्रतिभू, असे सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत प्रातिभाव्य, म्हणजे जामीन राहणे, तीन प्रकारचे आहे: दर्शन, प्रत्यय आणि दान. माणूस हजर करण्याचे, त्याच्या सचोटीचे आणि पैसे फेडण्याचे. जुन्या दप्तरांतले हाजिरजामीन, फैलजामीन आणि मालजामीन यांच्याशी हे तिन्ही जवळजवळ तंतोतंत जुळतात. पैसे फेडण्याच्या जामिनाचे देणे मुलांवरही येते, असे स्मृतिकार बजावतात. आणि एकत्र कुटुंबातील भावांनी, पतिपत्नींनी किंवा पितापुत्रांनी एकमेकांना प्रतिभू राहू नये, असेही. मामाविषयी ते काही बोलत नाहीत.

राहिला ‘साक्षीदार’. मागे सदाशिव पेठेतल्या एका पतसंस्थेत मी बसलो असता, शेजारचे एक आजोबा पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी भराभर सह्या करत होते, आणि कर्मचारी पान उलटताना ‘काका, नुसती फॉरमॅलिटी’ असे म्हणत होता. चौथ्या पानावर आजोबांचा फोटो चिकटवलेला होता. नुसत्या साक्षीदाराचा फोटो, पगाराचा किंवा पेन्शनचा दाखला कशाला हवा असेल, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही. सही आपल्यासमोर झाली, एवढेच साक्षीदार सांगतो. जामिनाची जबाबदारी मात्र, करारात वेगळे ठरले नसेल तर, कर्जदाराच्या जबाबदारीइतकीच असते; 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 128 हेच सांगते. आधी भाच्याकडे वसुली करा, मग माझ्याकडे या, असे त्याला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच स्पष्ट केले आहे. जामिनाने पैसे भरले तर ते कर्जदाराकडून मागण्याचा हक्क त्याला मिळतो, पण ज्याने बँकेचे हप्ते भरले नाहीत, तो मामाला किती भरणार, हे कायदा सांगत नाही.

भगिनींनी न विचारलेली एक गोष्ट जाता जाता सांगतो. ‘जामीन’ लिहिताना ‘मी’ दीर्घ, सामान्यरूपात ऱ्हस्व: जामिनाला, जामिनावर. ‘जामीनदार’ लिहायचेच असेल, तर ‘जमीनदार’ लिहितो तसा ‘मी’ दीर्घच ठेवावा. यजमानांच्या अर्जावर ‘जामिनदार’ छापलेले असेल, तर सही करायची की नाही हे ठरण्याआधी निदान तेवढे तरी बँकेकडून दुरुस्त करून घ्यावे.