वाचकांचे प्रश्न : खाऱ्या वाऱ्यातलं विमान

प्रश्न : आमच्या बागेत, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, एक निवृत्त लढाऊ विमान चौथऱ्यावर उभं आहे. पावसापासून वाचावं म्हणून त्यावर पत्र्याची शेड घातली. तीन वर्षांत पोटाकडचा पत्रा पूर्वीपेक्षा जास्त खराब झाला. असं कसं? (रत्नागिरी)

उत्तर : तुमचं विमान फुकटात धुणारा पाऊस शेडने थांबवला. बाजू मात्र उघड्याच राहिल्या, त्यामुळे दुपारचा खारा वारा आत येतो, मीठ बसवतो आणि ते धुऊन काढणारं कोणी उरत नाही. उघड्यावरच्या विमानाचीही पाठ बरी आणि पोट वाईट असतं, कारण पाऊस पोटाला लागत नाही. शेडने सगळ्या विमानाचं पोट करून टाकलं.

खडेमीठ आषाढात बरणीतल्या बरणीत पाणी सोडतं, तेच इथे घडतं. शुद्ध सोडियम क्लोराइड साधारण ७५ टक्के आर्द्रतेनंतर ओलं होतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते ३३ टक्क्यांपासूनच हवेतलं पाणी ओढतं. किनाऱ्यावर हवा त्याहून कोरडी क्वचितच होते. म्हणजे पत्रा हाताला कोरडा लागला तरी सांध्यात ओल असतेच.

तेव्हा एक तर शेड चारी बाजूंनी बंद करा, नाही तर विमान नियमाने धुवा. समुद्राकाठच्या विमानासाठी दर १५ दिवसांनी धुणं हा रूढ ठोकताळा आहे, आणि शेडखाली तो पावसाळ्यातही चुकवायचा नाही. आधी पाणी तपासा. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. त्याने धुणं म्हणजे मीठच लावणं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. आकडा ५००च्या वर असेल तर निदान शेवटचं पाणी टँकरचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या.

पिटोट नळी (हिच्यावरून विमानाचा वेग कळतो) आणि स्टॅटिक छिद्रं (बाहेरच्या हवेचा दाब घेणारी) भडक रंगाच्या टेपने झाका. किती टेपा लावल्या ते लिहून ठेवा, म्हणजे धुऊन झाल्यावर काढताना एखादी राहून जाणार नाही. साबण उदासीन हवा; धुण्याचा सोडा ॲल्युमिनियमला खातो. साबण खालून वर लावत जा, कारण वरून ओघळलेला साबण कोरड्या मळावर चट्टे पाडतो. नंतर साध्या पाण्याने वरून खाली धुवा. प्रेशर वॉशर बेअरिंगच्या आणि सांध्यांच्या तोंडाशी नेऊ नका, पाणी आत घुसतं आणि बाहेर येत नाही. चाकांच्या कप्प्यांत, बिजागऱ्यांच्या फटींत आणि इंजिनाच्या हवाद्वारात जास्त वेळ द्या.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे पोटाची निचऱ्याची भोकं. कुंभारीण माशी त्यांत माती भरते, वरून चिमण्यांच्या घरट्यांचं गवत येऊन पडतं, आणि आत तळं साचतं. नायलॉनच्या जाड दोरीने किंवा लाकडी काडीने ती मोकळी करा, तारेने नाही.

प्रश्न : रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी येते. पेंटर म्हणतो, वायरब्रशने घासून ऑइलपेंट मारू. मारू द्यावा का? (मालवण)

उत्तर : नको. लोखंडी वायरब्रशचे किंवा स्टीलवूलचे कण पत्र्यात रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा गंज सुरू होतो. शिवाय विमानाच्या पत्र्यावर बहुधा शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. आतल्या, तांबं मिसळलेल्या मजबूत धातूला तोच वाचवतो. चकचकीत करायच्या हौसेत तो घासून गेला की आतला पत्रा उघडा पडतो. नायलॉनचा पॅड किंवा ॲल्युमिनियमवूल वापरा, भुकटी निघाली की थांबा. घासताना मास्क लावाच, जुन्या विमानांच्या प्रायमरमध्ये क्रोमेट असतं आणि ती धूळ कर्करोगकारक आहे.

आता नख फिरवून पाहा. बारीक खड्डे लागले तर काम आवाक्यातलं आहे. पण पत्रा फुगलेला असेल आणि कडेला खाज्यासारखे पापुद्रे सुटत असतील, तर गंज धातूच्या थरांमधून आडवा पसरलाय. तिथे रंग निरुपयोगी. तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवावा लागतो. जागेवर खुणा पेन्सिलीने करू नका. ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम ओलीत एकत्र आले की रेघेच्या रेघेवर गंज धरतो. खुणांना फेल्ट पेन बरा.

साफ झाल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा, वर पॉलियुरेथेन. रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी पुन्हा खारवलेला असतो. स्क्रू बदलायचे असतील तर बाजारातला स्टेनलेस स्क्रू कोरडा बसवू नका. त्याच्या शेजारी ॲल्युमिनियम झिजतं. ओल्या प्रायमरमध्ये बुडवून बसवा.

प्रश्न : अमेरिकेत विमानांवर पांढरा लेप चढवून उघड्यावर ठेवतात असं वाचलं. आपणही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं तर? (वेंगुर्ला)

उत्तर : ते ठिकाण ॲरिझोनातल्या टुसॉनजवळचा डेव्हिस-मॉन्थन तळ. वाळवंटी हवा, कडक जमीन. तिथला लेप सोलून काढता येतो. आधी काळा थर, वर ऊन परतवणारा पांढरा. तो धूळ आणि उन्हासाठी. कोकणात प्लॅस्टिक गुंडाळलं की आतली दमट हवा रात्री गार पत्र्यावर दवासारखी उतरते. वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री रंगही घासते.

आपल्याकडे चालते ती बंद खोली आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र. आर्द्रता ४० ते ५० टक्के. मीठ मात्र आधी धुतलेलं हवं, नाही तर वरचं ३३ टक्क्यांचं गणित तिथेही लागू होतं. यंत्र घेण्याआधी हिशोब करा. ३० अंशांना आणि ९० टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम पाणी असतं, ४५ टक्क्यांना त्याच्या निम्मं. २० × १५ × ६ मीटरच्या हँगरमध्ये १,८०० घनमीटर हवा, म्हणजे एकदा हवा बदलली की सुमारे २४ लिटर पाणी काढायचं. फटींमधून हवा दोन तासांत एकदा बदलत असेल तर हे दर तासाला १२ लिटर झालं! म्हणून पैसा आधी दरवाजांच्या रबरी पट्ट्यांवर आणि पत्र्याच्या सांध्यांवर घाला, यंत्र मग लहान पुरतं.

प्रश्न : कॉकपिटची काच धुरकट झाली आहे. थिनरने पुसू का? (गुहागर)

उत्तर : नाही. ती काच नाही, ॲक्रिलिक आहे. थिनर, ॲसिटोनने तिच्यात बारीक तडे जातात. साबणपाणी, हाताचा तळवा, मग मऊ सुती फडकं.

प्रश्न : मुलांना कॉकपिटमध्ये बसवता येईल का? (देवगड)

उत्तर : आसनातली (वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी) आणि कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावरची स्फोटक काडतुसं काढल्याचा, विमान देणाऱ्या दलाचा लेखी दाखला हातात असेल तरच. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर किरणोत्सारी रेडियमचा रंग असू शकतो. त्या खरवडू किंवा उघडू नका, तबकडीची काच फुटली असेल तर कॉकपिट बंदच ठेवा.