काळा घोडा महोत्सवाला पहिल्यांदा जाताय?

जरूर जा! १९९९ पासून चालत आलेला मुंबईतला हा कला महोत्सव नऊ दिवसांचा असतो, त्यामुळे एकाच फेरीत सगळं बघायचा हट्ट नको. नवखे शनिवार-रविवारी संध्याकाळी येतात, रॅम्पार्ट रो या रस्त्यावरच्या मांडणशिल्पांपुढे गर्दीत फोटो काढतात आणि थकून परततात. आजूबाजूच्या सभागृहांत आणि बागांत काय चाललंय, ते त्यांना कळतही नाही.

- शक्यतो कामाच्या दिवशी, दुपारी या.
- आदल्या रात्री वेळापत्रक बघून दोनच कार्यक्रम पक्के करा. प्रवेश मोफत असला तरी सभागृहात जागा मोजक्या, तेव्हा लवकर रांग धरा.
- गाडी घरीच ठेवा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत या.

मला विचाराल तर सुरुवात डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेतून करा. साहित्याचे कार्यक्रम तिथे होतात आणि निवांत बसून ऐकता येतं. मग समोरच्या जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा. तिथे बहुतेकदा चित्रकार स्वतः चित्रांजवळ असतात. ‘मला चित्रांतलं कळत नाही’ म्हणून दाराशी अडू नका, बिनधास्त प्रश्न विचारा; ते मनापासून बोलतात. कार्यशाळा आणि हेरिटेज वॉकचं पुढच्या वर्षी बघू.