कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टरकडे गेल्यावर नेमकं काय होतं?

सातपूरला दिवसभर मशीनवर उभं राहून कंबर धरली आहे, कायरोप्रॅक्टरकडे (म्हणजे हाताने मणक्याला, सांध्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे) जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. जायला हरकत नाही. पण लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, जांघेत बधिरपणा असेल, पायातली ताकद जात असेल किंवा सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठा.

माझ्या पहिल्या भेटीत निम्मा वेळ प्रश्नांतच गेला. मग वाकायला लावलं, पाय सरळ उचलून बघितला, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. शेवटी कुशीवर झोपवून, वरचा गुडघा दुमडून कंबरेला एक झटका. कट्ट! हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा असतो. नाही आला तरी काही बिघडत नाही. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं.

चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. फायदा साधारण व्यायाम किंवा फिजिओथेरपीइतकाच होतो, आणि साधी उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआपही उतरते. म्हणून पहिल्याच दिवशी वीस-पंचवीस सेशनचं पॅकेज गळ्यात मारलं, तर पैसे भरू नका. तीन-चार भेटींत फरक नसेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

घरच्या वयस्कर मंडळींची हाडं ठिसूळ असतील तर त्यांना झटका देऊ देऊ नका. आणि कंबरेसाठी गेलात तर मानेला हात लावू नका म्हणून स्पष्ट सांगा. मानेच्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो.