ॲलिस बसवताय ना? मग रेकॉर्डिंग नको

तिसरी ते पाचवीची २८ मुलं, सहा आठवडे, ‘ॲलिस इन वंडरलँड’, आणि शेवटी हळूच विचारलेलं ‘संवाद स्टुडिओत रेकॉर्ड करून घेऊ का?’ तुमची पोस्ट वाचताना मला माझंच पहिलं शिबिर दिसलं. आधीच सांगते, मी नाट्यशास्त्र शिकलेली नाही. नऊ वर्षं सोसायटीतल्या मुलांची उन्हाळी शिबिरं घेतेय, एवढंच भांडवल. वेळापत्रक, पालकांचा ग्रुप वगैरे तुम्ही कराल, त्यात शिरत नाही.

रेकॉर्डिंग मात्र करू नका.

मी केलं होतं. गॅदरिंगला सगळेच करतात, आवाज मागपर्यंत पोचतो, मुलं विसरली तरी निभावतं, हे मलाही पटलं होतं. स्टुडिओचे पैसे गेले ते गेलेच, पण त्या दिवसापासून मुलांचं नाटकच थांबलं. सुरवंट झालेली मुलगी ‘तू... कोण?’ रोज वेगळं म्हणायची. कधी पेंगुळलेली, कधी थेट मुख्याध्यापिका. रेकॉर्डिंगनंतर ती स्पीकरकडे बघत, अर्धा क्षण उशिरा, माशासारखं तोंड उघडायला लागली. ॲलिसने तर ऐकणंच सोडलं. उत्तर आपोआप येणारच होतं ना!

त्यात सभागृहाचं कार्यालय. नाव घेत नाही. बुकिंगच्या वेळी म्हणाले, ‘आदल्या दिवशी येऊन साउंड तपासा.’ आदल्या दिवशी गेलो तर चावीवाले रजेवर. लेखी घेतलं नव्हतं, ही माझी चूक. तुम्ही घ्या, पावतीवरच लिहून घ्या. प्रयोगात ऐन चहापार्टीत ट्रॅक अडकला. टोपीवाला कप उचलून, तोंड उघडं ठेवून उभा. मी विंगेत घामाघूम. तेवढ्यात पुढच्या प्रवेशातली तीन पोरं न सांगता रंगमंचावर गेली: इस्पिकची दुर्री, पंजी आणि सत्ती, म्हणजे पांढरे गुलाब लाल रंगवणारे माळी. त्यांचा प्रवेश बराचसा मूकाभिनयाचा होता, हातात ब्रशही नाही. सत्तीने पंजीच्या कोपराला धक्का दिला, पंजीचा रंग दुर्रीच्या शर्टावर उडाला, आणि दुर्रीने तो न दिसणारा डाग थुंकी लावून पुसला. अख्ख्या प्रयोगात लोक मनापासून हसले ते तिथेच.

तेव्हापासून माझं मत असं की या गोष्टीत मुलांना देण्यासारखं सगळं अंगात आणि कानात आहे. गोष्टीत ॲलिस आकसून एवढीशी होते, तेव्हा तिला वाकवू नका. बाकीच्या मुलांना दहा आकड्यांत सावकाश टाचा उचलून, हात ताणून मोठं व्हायला सांगा. ती आपोआप लहान दिसते. चहापार्टीसाठी एक खेळ: समोरच्याचा शेवटचा शब्द उचलूनच आपलं वाक्य सुरू करायचं. दोन दिवसांत एकमेकांचं ऐकायला लागतात. आवाजासाठी पार्किंगच्या दोन टोकांना दोघांना उभं करा. ओरडायचं नाही, वाक्याचा शेवट खायचा नाही. बहुतेक वेळा पोर हळू बोलत नसतं, शेवटचा शब्द गिळत असतं. छोट्या हॉलला मग पुढे ठेवलेले दोन माइक पुरतात. मोठ्या नाट्यगृहाचं मी सांगू शकत नाही.

ॲलिस तीन जणींना वाटून द्या. ती सारखी लहानमोठी होतेच, आणि पालकांची भांडणंही वाचतात. सशाला थर्माकोलचं डोकं नको, त्यात आवाज कोंडतो. कान आणि खिशातलं घड्याळ बास.

आणखी एक. मूळ पुस्तक १८६५ चं, लेखक १८९८ मध्ये वारले, त्यामुळे त्याच्या हक्कांचा प्रश्न नाही. पण मराठी अनुवाद वापरणार असाल तर आपल्याकडे अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, तेव्हा परवानगी काढा. नाहीतर संवाद मुलांकडूनच बोलून घ्या आणि लिहून काढा. गोष्टीत बदाम गुलामावर बदाम राणीचे टार्ट चोरल्याचा खटला चालतो. आमच्या राणीचे टार्ट त्यातूनच करंज्या झाले. फक्त खऱ्या करंज्या ठेवू नका. आमच्याकडे खटला उभा राहायच्या आधीच पुरावा संपला होता, आणि बदाम गुलामाच्या मिशीला सारण लागलेलं होतं.