अमेरिकेत कृष्णवर्णीय बाळांचा मृत्युदर गोऱ्या बाळांच्या दुपटीहून जास्त का?

मोठा वाटा जन्माच्या वेळचाच: बाळ फार लवकर आणि फार कमी वजनाचं जन्मतं. २०२२ मध्ये तिथे दर हजार जिवंत जन्मांमागे गोऱ्या आयांची साधारण ४.५ बाळं वर्षाच्या आत दगावली, कृष्णवर्णीय आयांची १०.९. सदतीस आठवडे भरण्याआधी जन्मणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांत ९.४ टक्के, कृष्णवर्णीयांत १४.६.

‘मग हे रक्तातच असेल’ असं लगेच म्हणू नका. रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या नवजात बाळांच्या डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातल्या जन्मनोंदी तपासून १९९७ साली निष्कर्ष मांडले. गोऱ्या स्त्रियांच्या बाळांचं सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम. आफ्रिकेत जन्मून अमेरिकेत आलेल्या स्त्रियांच्या बाळांचं ३,३३३, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळांचं मात्र ३,०८९! अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या पूर्वजांत काही गोरेही आहेत; म्हणून दोष जनुकांचा असता तर आफ्रिकेतून आलेल्यांचा आकडा सगळ्यात खाली हवा होता. मला तरी हा पुरावा सगळ्यात बोलका वाटतो.

गरिबी हे उत्तरही अर्धंच. पदवीधर कृष्णवर्णीय आईच्या बाळालाही कमी शिकलेल्या गोऱ्या आईच्या बाळापेक्षा धोका जास्त दिसतो. म्हणून बरेच संशोधक आयुष्यभर सोसलेल्या भेदभावाच्या ताणाकडे, गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाकडे आणि दवाखान्यात कानाआड केल्या जाणाऱ्या तक्रारींकडे बोट दाखवतात.