भुंकून त्याला मिळतं काय?

या वेळी आलेले प्रश्न बहुतेक कॉर्गीबद्दलचे, आणि तेही सहा महिने ते दीड वर्ष या वयातल्या. उत्तरांआधी थोडी पूर्वपीठिका. वेल्समधले शेतकरी हा कुत्रा गुरं हाकायला ठेवत. उंची जेमतेम फूटभर, त्यामुळे गायीने झाडलेली लाथ त्याच्या डोक्यावरून जायची आणि हा मागून तिच्या खुराजवळ चावा घेऊन तिला पुढे काढायचा. पेम्ब्रोक आणि कार्डिगन अशा दोन जाती १९३४ पासून वेगळ्या नोंदवल्या जातात, पण भुंकण्यात दोघांमध्ये डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. मालक लांब असताना स्वतःच्या अकलेने निर्णय घेणारा, आपल्यापेक्षा कितीतरी पट जड जनावराला दामटणारा कुत्रा लोकांना हवा होता आणि पिढ्यानपिढ्या त्यांनी तसाच निवडला. म्हणून कुठलीही तक्रार आली की मी आधी एकच विचारते: भुंकून त्याला मिळतं काय?

प्रश्न: आमचा पेम्ब्रोक आठ महिन्यांचा आहे. बेल वाजली की दाराकडे धावत सुटतो, पाहुणे आत येऊन बसले तरी थांबत नाही. आम्ही ‘गप्प!’ म्हणून ओरडतो, तर आणखी चेकाळतो.

तुम्ही ओरडता तेव्हा त्याच्या दृष्टीने घरची मंडळीही भुंकायला लागलेली असतात. शिवाय त्याचा अनुभव बघा. पार्सलवाला येतो, हा भुंकतो, पार्सलवाला निघून जातो. तो तसाही जाणारच होता, पण कॉर्गीच्या हिशेबात ही आपली कामगिरी. रोज जिंकणारा खेळाडू खेळ कशाला सोडेल?

बेलचा अर्थच बदलायचा. तुमच्याच बेलचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि अगदी हळू आवाजात वाजवा. किती हळू? इथे लोक कान बघतात, पण कॉर्गीचे कान उभेच असतात. त्यातून फार काही कळत नाही. तोंडाकडे बघा. आरामात उघडं असलेलं तोंड पटकन मिटलं, मान वळली, पण आवाज फुटला नाही, ती पातळी बरोबर. त्या क्षणी दारापासून लांब अंथरलेल्या चटईवर खाऊचा तुकडा टाका. आधी बेल, मग खाऊ. क्रम उलटला तर सगळी मेहनत वाया, कारण मग बेल ही खाऊनंतरची कटकट ठरते. दोन-तीन मिनिटांत थांबा, दिवसातून दोनदा पुरे. बेल ऐकल्यावर तो दाराऐवजी चटईकडे बघायला लागला की आवाज थोडा वाढवा. मग घरातल्याच कुणाला तरी बाहेर पाठवून खरी बेल, आणि खरे पाहुणे सगळ्यात शेवटी.

हे जमेपर्यंत त्याला जुन्या पद्धतीने जिंकू देऊ नका. दारावर ‘बेल वाजवू नका, फोन करा’ अशी चिठ्ठी लावा. पाहुणे येणार असतील तर आधीच त्याला दुसऱ्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन बसवा. दार उघडायच्या गडबडीत हे सुचत नाही. आणि कॉर्गीकडून पूर्ण मौनाची अपेक्षा ठेवू नका. दोन-तीनदा भुंकून खबर दिली, तुम्ही ‘बघितलं’ म्हणालात आणि तो चटईवर आला, एवढं झालं तर मी त्याला उत्तम म्हणेन.

प्रश्न: सहा महिन्यांची कॉर्गी. मी लॅपटॉप उघडला की समोर बसून डोळ्यांत डोळे घालून भुंकते. दुर्लक्ष करून पाहिलं, उलट वाढलं.

वाढणारच. आजवर जे भुंकल्यावर मिळत होतं ते अचानक बंद झालं की कुत्रा आधी जोर वाढवून बघतो. हा भर ओसरायच्या ऐन वेळी बहुतेक लोक हात टेकतात आणि चेंडू फेकतात. त्यातून तिला धडा मिळतो की पाचवेळा भुंकून भागत नाही, वीसवेळा भुंकावं लागतं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की टिकून राहणं जमणार नसेल तर पहिल्या भुंकण्यालाच देऊन टाका, विसाव्याला नको. भुंकणं सुटणार नाही, पण निदान चिवट तरी होणार नाही.

मात्र नुसतं दुर्लक्ष अपुरं आहे. तिला त्या वेळी हवं काय, ते भुंकण्याआधी द्या. काम सुरू करायच्या अर्धा तास आधी फिरवून आणा आणि रस्त्यात मनसोक्त हुंगू द्या; भराभर चालवण्यापेक्षा हुंगण्याने कुत्रा जास्त निवतो. सकाळच्या खाण्यातला निम्मा भाग वाटीत न घालता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून द्या. (पीनट बटर वापरत असाल तर डब्यावर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, लिहिलेला नाही ना, ते आधी बघा. कुत्र्यांना तो विषारी असतो.) आणि ती आपणहून शांत पडलेली दिसली की काही न बोलता तिच्या पंजांपुढे खाऊचा एक दाणा ठेवा. ही गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. शांत कुत्र्याला आपण विसरतो आणि भुंकणाऱ्याला वेळ देतो.

दुपारी, संध्याकाळी विनाकारण किरकिर करत असेल तर झोपेचा हिशेब काढा. या वयात दिवसाचे सोळा-अठरा तास झोपेत गेले पाहिजेत. घरात सतत वर्दळ असली की पिल्लू झोप टाळतं आणि मग भुंकून भुंकून घर डोक्यावर घेतं.

प्रश्न: पाच महिन्यांचा असताना हाक मारली की धावत यायचा. आता नऊ महिन्यांचा आहे आणि मैदानात माझ्याकडे बघून सरळ दुसरीकडे जातो. ट्रेनर म्हणतात, हट्टी जात आहे, धाक दाखवा.

धाक नको. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, पाच महिन्यांचे असताना ऐकणारे कुत्रे आठ महिन्यांच्या वयात आपल्या पालकाने दिलेली ‘बस’ ही आज्ञा कमी पाळत होते. गंमत म्हणजे अनोळखी माणसाने तीच आज्ञा दिली तर पाळत होते! त्या अभ्यासात लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर असे कुत्रे होते, म्हणजे ज्यांना कुणी हट्टी म्हणत नाही असे. वर्षाच्या आसपास पालकांनाच ते पुन्हा शिकवायला सोपे वाटू लागले. तुमचा कुत्रा वयात येतोय, एवढाच याचा अर्थ.

आता हाकेचा जमाखर्च मांडा. मैदानात तुम्ही त्याला कधी बोलावता? बहुधा घरी जायची वेळ झाली की, नाहीतर तो काहीतरी घाणेरडं तोंडात घेतो तेव्हा. म्हणजे हाक म्हणजे मजा संपली. पुढचे काही आठवडे त्याला मोकळं सोडूच नका. हार्नेसला दहा मीटरची लांब दोरी लावा. गळ्यातल्या पट्ट्याला नको, धावत जाऊन झटका बसला तर मानेला इजा होते. एका फेरीत त्याला अनेकदा बोलवा, आला की उत्तम खाऊ द्या आणि लगेच ‘जा’ म्हणून परत सोडा. दहातल्या नऊ वेळा येणं म्हणजे पुन्हा सुटणं, असं त्याच्या अंगवळणी पडलं पाहिजे. घरी नेतानाची ती एक वेळ मग त्यात खपून जाते.

हाक एकदाच मारा. ‘ये, ये, ये ना रे’ असं सात वेळा म्हटलं तर पहिल्या सहा हाका म्हणजे नुसती प्रस्तावना, असं तो धरून चालतो. पहिल्या हाकेला आला नाही तर दोरी हलकेच आवरून घ्या किंवा उलट्या दिशेने पळत सुटा. पळणाऱ्याच्या मागे न जाणं कॉर्गीला फार अवघड जातं. खाऊचा दर्जाही बघा. स्वयंपाकघरात कोरडा दाणा चालतो, पण समोर दुसरा कुत्रा असताना त्याच दाण्यासाठी मी तरी आले नसते.

प्रश्न: मुलं पळायला लागली की मागे धावून त्यांच्या घोट्यांना चावते. रक्त काढत नाही, पण मुलं घाबरतात.

हीच ती गुरं हाकायची पद्धत. जे पळतं ते वळवायचं. मुलं किंचाळतात, जोरात पळतात, म्हणजे तिच्या दृष्टीने काम झकास चाललंय. मुलांना एक खेळ शिकवा: ती मागे लागली की ‘झाड’, म्हणजे हात छातीशी, नजर वर, हालचाल बंद. मोठ्या माणसाने त्याच वेळी तिच्यापुढे जमिनीवरून लांब, मऊ खेळणं ओढत न्यावं. चावायचं असेल तर ते चाव. मुलं खूप लहान असतील तर या खेळावर विसंबू नका. धावपळीच्या वेळी मध्ये जाळीचं फाटक हवंच. सात-आठ महिन्यांच्या आत असेल तर दात येण्याचीही भर असते, गार केलेलं चघळायचं खेळणं द्या.

प्रश्न: मी घराबाहेर पडलो की भुंकतो, शेजारी वैतागलेत. भुंकल्यावर झटका देणारा पट्टा आणू का?

नको. कॉर्गीच्या मायदेशात, वेल्समध्ये, कुत्र्यांना झटका देणारे पट्टे २०१० पासून बंद आहेत. एकटेपणाला घाबरून भुंकणाऱ्याला वर झटका बसला तर भीती दुप्पट होते आणि आवाज थांबला तरी दार कुरतडणं सुरू होतं. आधी जुना फोन कॅमेऱ्यासारखा लावून जा. खिडकीतून बाहेर बघून अधूनमधून भुंकत असेल तर खिडकीच्या खालच्या काचेला धूसर फिल्म लावली तरी फरक पडतो. पण तुम्ही गेल्याबरोबर येरझाऱ्या, लाळ, हुंदक्यांसारखं विव्हळणं असेल तर तो घाबरलेला आहे. अशा वेळी काही सेकंदांच्या गैरहजेरीपासून सुरुवात करा आणि तो निवांत राहील तेवढीच वाढवा. मधल्या काळात त्याच्यासोबत कुणीतरी थांबेल अशी सोय करा. शेजाऱ्यांना आपण काय करतोय ते जाऊन सांगा. वैताग निम्मा होतो.

प्रश्न: दीड वर्षाचा आहे. हल्ली जिन्यापाशी बसून राहतो, कितीही बोलावलं तरी चढत नाही. उचलायला गेलं तर गुरगुरतो. हट्ट वाढत चाललाय.

हा प्रश्न माझ्याकडे यायच्या आधी डॉक्टरांकडे जायला हवा होता. काल चढणारा कुत्रा आज चढत नसेल तर पहिला संशय दुखण्याचा घ्यायचा. कॉर्गीचं अंग लांब, पाय आखूड. अशा ठेंगण्या जातींत मणक्यांमधल्या चकत्या कमी वयातच कडक व्हायला लागतात आणि सरकल्या तर मज्जारज्जूवर दाब येतो. पाठ कमानीसारखी ठेवणं, मान खाली धरून चालणं, पोटाला हात लावताच अंग आवळणं, ही लक्षणं बघा. मागचे पाय लटपटत किंवा ओढत असतील, लघवीवर ताबा राहिला नसेल, तर उद्याची अपॉइंटमेंट घेऊ नका, आत्ताच निघा. अशा वेळी तासांना किंमत असते.

गुरगुरला म्हणून रागावू नका. हात लावू नका, दुखतंय, हे तो जमेल त्या भाषेत सांगतोय. ते बंद पाडलं तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. तोवर जिना बंद, सोफ्यावरून उड्या बंद. उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि पाठ आडवी. काखेत धरून लटकवायचं नाही. वजनही करून या. दिवसभराच्या खाण्यात खाऊचा वाटा दहा टक्क्यांवर जात असेल तर वरची सगळी शिकवणी त्याच्या रोजच्या जेवणातल्या दाण्यांवर करा, कारण वाढलेला प्रत्येक किलो त्या पाठीवरच येतो. पाय ओढत नसेल तर निघण्याआधी घरात चालताना, वळताना, बसून उठताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दवाखान्यात गेल्यावर घाबरलेले कुत्रे लंगडणं लपवतात आणि डॉक्टरांना बघायला काही उरत नाही.