भाषेचा वर्ग नको, ड्रॉइंगची अदलाबदल करा

तुमचा प्रश्न असा: इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशांतल्या टीमबरोबर काम जमावं म्हणून विभागाने तीस तासांचा जर्मनचा वर्ग आणि पाहुण्यांची व्याख्यानं सुरू केली, तरी फरक दिसत नाही. पुढे काय?

तीस तासांत कुठलीही भाषा नमस्कार-चमत्काराच्या पुढे सरकत नाही. अमेरिकेतलं ऱ्होड आयलंड विद्यापीठ १९८७ पासून इंजिनिअरिंग आणि परदेशी भाषा अशा दोन पदव्या एकत्र देतं. त्याला पाच वर्षं लागतात आणि परदेशातली इंटर्नशिप त्यातच येते. इतकं करायची तयारी असेल तर जरूर करा. नसेल तर ते तीस तास कागदपत्रांवर घाला, कारण देशादेशांतलं काम अडतं ते बहुतेक वेळा ड्रॉइंगवर न लिहिलेल्या गोष्टींमुळे.

वस्तूची वेगवेगळ्या बाजूंची चित्रं कागदावर कुठे मांडायची, याच्या दोन पद्धती आहेत. युरोपात फर्स्ट अँगल प्रोजेक्शन चालतं; अमेरिकेत आणि जपानमध्ये थर्ड अँगल. टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतलं) पद्धत सांगणारं शंकूचं चिन्ह विसरलं की भोक पार्टच्या उलट्या बाजूला पडतं. जर्मन ड्रॉइंगवरचे १,२५० म्हणजे सव्वा, साडेबाराशे नव्हे. तारीख ०३/०४ लिहिली तर मार्च की एप्रिल, हे वाचणाऱ्याच्या देशावर ठरतं. म्हणून वर्ष-महिना-दिवस हाच क्रम सक्तीचा करा. एककांच्या घोळाचं उदाहरण हवं तर १९९९ साली मंगळाजवळ गमावलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान आहेच: एका बाजूचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत, दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. फरक ४.४५ पटींचा.

टॉलरन्समधली (मापात चालणाऱ्या फरकातली) तफावत याहून छुपी. २० मिमीचा लांब शाफ्ट मायक्रोमीटरने जागोजागी मापात भरतो, पण किंचित वाकलेला आहे. आयएसओ ८०१५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे माप आणि सरळपणा वेगवेगळे तपासतात, त्यामुळे ड्रॉइंगवर वेगळी अट नसेल तर तो निव्वळ मापाच्या टॉलरन्सवर पास होतो. एएसएमई वाय१४.५ या अमेरिकन मानकाप्रमाणे कमाल मापाच्या शाफ्टचा आकारही परिपूर्ण लागतो, म्हणून तोच शाफ्ट नापास होऊ शकतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि भांडण महिनाभर चालतं. कोणतं मानक लागू, ही एक ओळ टायटल ब्लॉकमध्ये नसेल तर सरळ गुण कापा.

हे व्याख्यानाने डोक्यात जात नाही, पार्ट हातात धरून जातं. अर्ध्या इंची पाइपचे बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) आटे दोन्ही इंचाला १४च, पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. जोड हाताने बसतो, टेप गुंडाळून घट्टही होतो आणि दाब चढला की गळतो. दोन्ही फिटिंग वर्कशॉपमध्ये ठेवा आणि ओळखायला लावा.

आता प्रत्यक्ष आखणी. आहे त्याच प्रोजेक्टमधले १२ आठवडे घ्या, नवा विषय काढू नका. सहा जणांचा गट, तीन इथे आणि तीन परदेशातल्या भागीदार कॉलेजात. पहिले चार आठवडे एक बाजू डिझाइन करते. मग ड्रॉइंग, पार्ट लिस्ट, ३डी मॉडेल आणि चाचणीची कृती इतकंच पाठवायचं. बनवणं आणि तपासणं दुसऱ्या बाजूकडे. मॉडेल स्टेप फाइलमध्ये (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या) गेलं की आकार पोचतो, पण फीचर्सचा इतिहास (मॉडेल टप्प्याटप्प्याने कसं रचलं ते) सहसा पोचत नाही, म्हणजे समोरच्याला सहज बदल करता येत नाही. आणि दोन्हीकडची सॉफ्टवेअर-आवृत्ती आधी जुळवा. एअरबस ए३८० च्या वायरिंगमध्ये हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथे कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. विमानं उशिरा मिळाली, त्याचं ते एक मोठं कारण.

शंका लेखीच, एका निरोपात एक: पार्ट नंबर, ड्रॉइंगची रिव्हिजन, काय मोजलं, काय हवं, कधीपर्यंत. वेळ यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) लिहायची, कारण अमेरिका आणि युरोप मार्चमध्ये घड्याळं वेगवेगळ्या रविवारी पुढे करतात आणि मधल्या दिवसांत ठरलेली मीटिंग तासाने चुकते. ‘हो, समजलं’ हे उत्तर धरू नका; काय समजलं ते आपल्या शब्दांत परत लिहायला लावा.

सातव्या आठवड्यात ग्राहक बदला: आता ५० ऐवजी ६० हर्ट्झचा वीजपुरवठा. चार पोलची मोटर मिनिटाला १५०० ऐवजी १८०० फेऱ्यांकडे जाते. तिच्यावर चालणाऱ्या सेंट्रिफ्युगल पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनात वाढते, म्हणजे १.२ चा घन, सुमारे १.७३ पट. इम्पेलर (पंपातलं फिरतं चक्र) तोच ठेवला तर मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होऊ शकते. हे कोणाच्या लक्षात येतं ते पाहा.

बिघाड ठरलेले असतात. सत्रांच्या तारखा जुळत नाहीत, म्हणून दोन्हीकडच्या परीक्षा आणि सुट्ट्या आधी एका तक्त्यावर मांडा. सलग १२ आठवडे मिळाले नाहीत तर आठावर या. ज्या बाजूचं इंग्रजी चांगलं ती सगळं काम ओढून घेते. म्हणून निम्मे गुण ‘समोरच्याने तुमच्या कागदांवरून न विचारता किती बनवलं’ यावर ठेवा आणि ते समोरच्या बाजूलाच द्यायला सांगा.

भागीदार कॉलेज मिळेना, तर आपल्याच दोन तुकड्या घ्या. समोरासमोर बोलणं बंद, प्रत्येक निरोप मार्गदर्शकामार्फत, १२ तास उशिराने. एका तुकडीला आयएसओ, दुसरीला एएसएमई, आणि हे एकमेकांना सांगायचं नाही.